थडी बोरखेडचा खोटा भोंगा

१

नर्मदाबाईंच्या हातात बासष्टावी वात होती, तेवढ्यात पाण्याच्या टाकीवरचा भोंगा वाजला.

चातुर्मासात रोज एकशे आठ वाती वळून महादेवाच्या देवळात द्यायच्या, हा त्यांचा नेम. वाती वळताना मधेच उठायचं नाही, हाही नेमच. पण तो भोंगा असा, की बसलेल्या माणसाला धडकीच भरावी. आधी लांबलचक हुंकार, मग टेपमधल्या बाईचा आवाज: “सावधान! गोदावरीला पूर येत आहे. नदीकाठच्या ग्रामस्थांनी ताबडतोब शाळेत जावे.” नर्मदाबाईंनी वाती ताटलीखाली झाकल्या, देव्हाऱ्याकडे बघून “आलेच हं” म्हणाल्या आणि चपला पायात सरकवल्या.

बाहेर लख्ख ऊन. नदी पार खाली. धुणं धुणाऱ्या दोघीजणी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून टाकीकडे बघत हसत होत्या.

थडी बोरखेड हे सोनपेठ तालुक्यातलं, गोदावरीच्या अगदी कडेचं गाव. जानेवारीत इथे पुराचा इशारा देणारी पेटी बसली. पेटी ग्रामपंचायतीच्या कुलूपबंद खोलीत आणि भोंगा टाकीवर. सहा महिने ती गप्प होती. बावीस जुलैला वाजली, तेव्हा अख्खं गाव धावलं. म्हाताऱ्यांना बाजेवर घालून शाळेत नेलं. पूर काही आला नाही. सहा ऑगस्टला पुन्हा वाजली, तेव्हा निम्मं गाव धावलं. आज वीस ऑगस्ट. शाळेच्या ओट्यावर नर्मदाबाईंनी माणसं मोजली, ती भरली नऊ.

त्या नवांत बायनाबाई होती, नदीकाठच्या शेवटच्या घरातली. गाठोडं पोटाशी धरून खांबाला टेकून बसलेली.

“बायने, भ्यालीस का गं?” नर्मदाबाईंनी विचारलं.

बायनाबाईने नुसती मान हलवली. नाही.

तेवढ्यात मंजुषा धापा टाकत आली. ही ग्रामपंचायतीची ऑपरेटर. पेटीची किल्ली हिच्याकडेच.

“मावशी, देवाशपथ, मी हात लावला न्हाई! खोलीला कुलूप हाय, किल्ली माझ्या कमरंला हाय, अन् भोंगा वाजायलाय!”

“मला माहीत आहे गं.”

“तुमाला माहीत हाय. साहेबाला कोण सांगंल?”

२

पुराचं काम बघणारे साहेब दुसऱ्याच दिवशी तालुक्याहून आले. माणूस वाईट नव्हता, उन्हाने आणि फायलींनी वैतागलेला होता.

“कुलूप तुटलं नाही, वायर कापली नाही, किल्ली एकच,” ते मंजुषाला म्हणाले. “आता तुम्हीच सांगा मी काय समजू? लोकांचा विश्वास उडाला, बाई. उद्या खरंच पाणी आलं तर हे लोक झोपून राहतील. सोमवारी येतो. कोणी वाजवला ते सांगा, नाहीतर किल्ली माझ्या हातात द्या आणि घरी बसा.”

साहेब गेले, तरी मंजुषा खुर्चीच्या पाठीला धरून उभीच. घरी बसणं म्हणजे काय, ते गावात सगळ्यांना कळत होतं. लग्नानंतर सहा वर्षं ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली होती. दसरा झाला की गाडीत भांडीकुंडी आणि पोरगी घालायची, ती थेट उन्हाळ्यात परत. ही ऑपरेटरची जागा मिळाली तेव्हा कुठे कोयता सुटला. पोरगी एका शाळेत सलग दुसरं वर्ष बसत होती.

“मावशी, पुन्हा कोयता आला तं माझ्या पोरीची शाळा गेली,” ती एवढंच बोलली.

नर्मदाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सेलूच्या टेलिफोन कचेरीत तीस वर्षं कानाला यंत्र लावून बसलेली ही बाई. आवाज कधी चढला नाही आणि ऐकलेलं ती कधी विसरली नाही.

“सोमवारला चार दिवस आहेत,” त्या म्हणाल्या. “मी विचारत फिरते.”

आणि पहिल्यांदा त्या गेल्या ते ज्याने भोंग्याची वायर कापीन म्हणून भर ग्रामसभेत सांगितलं होतं, त्या महारुद्राकडे.

३

शुक्रवारी पोळा होता. टाकीच्या खालीच महारुद्राचं घर. तो अंगणात बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावत होता. डावीकडचा बैल मागचा पाय उचलून धरायचा.

“या नर्मदाताई. चौकशीला आल्या म्हणं? गुन्हेगार हा बघा, हिंगूळ लावायलाय.”

“बैलाला काय झालं रे?”

“तुमचा भोंगा झाला! पयल्या बारीला वाजला, तसं यानं दावं तोडलं अन् नालीत पाय घातला. आज पोळा, अन् माझा बैल लंगडत जाणार येशीतून. लोक बघतेल अन् हासतेल.” त्याने बोटं फडक्याला पुसली. “व्हय, म्हणलो व्हतो वायर कापीन. अजून बी म्हणतो. पर वाजवायला मला काय येड लागलंय? याचाच दुसरा पाय मोडून घेऊ का?”

बोलणं खरं होतं. ज्याला भोंगा नकोसा, तो बंद करील, वाजवणार नाही. नर्मदाबाईंनी बैलाच्या कपाळाला हात लावून नमस्कार केला.

“पहिल्या दोन्ही वेळी शाळेत तूही गेला होतास ना? वेगळं काही दिसलं का तुला?”

“काय दिसायचंय? लेकरं रडायलती, म्हातारे खोकायलते.” मग तो हसला. “एक अजाब झालं बघा. ती बायनाबाई. जिची जीभ झोपंत बी टाळ्याला लागत न्हाई, ती दोन्ही बाऱ्याला गप. मी म्हणलं, मामी, भोंग्यानं येक तरी काम बेस केलं! मला शिवी बी देली न्हाई.”

नर्मदाबाई थबकल्या. परवाही बायनाबाईने नुसती मान हलवली होती. पण भ्यालेलं माणूस गप्प बसतंच, म्हणून त्या पुढे चालू लागल्या.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवक सूर्यभान भाऊसाहेब होते. चार गावांचा कारभार, त्यामुळे फोन कायम कानाला. पण माणूस नियमाचा. दरवर्षी चुना, दर महिन्याला फलक स्वच्छ.

“ताई, पहिल्या दोन्ही वेळी मी दुसऱ्या गावात होतो, वीस माणसं साक्षीला,” त्यांनी आधीच सांगून टाकलं.

“तुमच्यावर कोण संशय घेतंय, भाऊसाहेब? मला फक्त मंजुषाला एक विचारायचंय.” नर्मदाबाई तिच्याकडे वळल्या. “बुधवारी तू इथेच बसली होतीस. भोंगा वाजायच्या आधीचं एक मिनिट आठव. काय ऐकलंस?”

मंजुषाने डोळे मिटले. “पंखा… बाहीर बकरी वरडायलती… अन्… मावशी, आतल्या खोलीत फोन वाजला. मला वाटलं भाऊसाहेबाचा ऱ्हायला असंल आत.”

“माझा फोन माझ्या खिशात होता!” भाऊसाहेब म्हणाले.

“किती वेळा वाजला?”

“पाच. पाच वाजून बंद झाला. अन् भोंगा सुरू.”

४

“पेटीत सिमकार्ड आहे?” नर्मदाबाईंनी विचारलं.

“आहे तर. ऑपरेटर हजर नसली तर तालुक्याहून फोन करून भोंगा वाजवता यावा म्हणून. आणीबाणीची सोय,” भाऊसाहेब म्हणाले. “पण तो नंबर फार जपलेला आहे, ताई. तालुका आणि आपण. तिसऱ्याला ठाऊक नाही.”

नर्मदाबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. समोरच्या भिंतीवर निळ्या रंगात, सुबक अक्षरांत रंगवलेलं होतं: ‘आपत्कालीन संपर्क’. सरपंच. ग्रामसेवक. आशाताई. आणि सगळ्यांत खाली, लाल रंगात, ‘पूर इशारा केंद्र’. पुढे दहा आकडे.

“भाऊसाहेब, मग तो भिंतीवर कुणाचा नंबर आहे?”

भाऊसाहेबांनी पाहिलं. त्यांचा हात हळूहळू कपाळाकडे गेला.

“सगळ्या सोयींचे नंबर दर्शनी भागात लावा, असं पत्र होतं. मी यादी काढून पेंटरला दिली… जुलैच्या पहिल्या आठवड्यात.” मग त्यांना धीर आला. “पण आधी गुप्त संकेतांक दाबावा लागतो ना! नुसत्या फोनने काय होणार?”

पेटीतली माहितीपुस्तिका अजून प्लास्टिकच्या पिशवीत होती, चिकटपट्टीसकट. नर्मदाबाईंनी ती सोडली आणि चष्मा पुसून, बोट ठेवत वाचली. कारखान्यातून येताना संकेतांक बंद असतो. बसवणाऱ्याने तो चालू करावा आणि ठरावीक नंबरच घालावेत, असं लिहिलं होतं. बसवणारा जानेवारीत फोटो काढून निघून गेला होता.

मंजुषाने भोंग्याची वायर काढली. नर्मदाबाईंनी आपल्या फोनवरून भिंतीवरचे दहा आकडे लावले. पेटीत घंटी वाजली. एक, दोन, तीन, चार, पाच. खट्. लाल दिवा लागला. वायर असती तर गाव हाललं असतं. फोनच्या या टोकाला मात्र फक्त “टूं” झालं आणि तुटलं, जसं काही कुणी उचललंच नाही.

भाऊसाहेब स्टुलावर बसले. “म्हणजे कुणीही…”

“ज्याला आकडे वाचता येतात, तो कुणीही.”

“मग सुटले मी!” मंजुषा म्हणाली.

“नाही गं. साहेब म्हणतील, फोन तूच लावलास. नंबर तुझ्या दारात रंगवलाय. लावणाऱ्याचं नाव लागेल.”

“फोन कंपनीकडं माहिती मागायची तर महिना जाईल,” भाऊसाहेब पुटपुटले. “आणि ताई, या फलकाचा फोटो मी गावाच्या ग्रुपवरसुद्धा टाकलाय. मुंबई, पुणे, सगळीकडे गेलेला. आता कुणाकुणाला विचारणार?”

५

शनिवारी वाती वळून झाल्यावर नर्मदाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभ्या राहिल्या. तीन तारखांना त्यांनी पेन्सिलीने गोल केले होते. मंगळवार, बुधवार, बुधवार. वेळ तिन्हीदा पावणेपाचच्या सुमाराची. तारखांत मेळ नाही, वारांत नाही. चष्मा वर करून त्यांनी खालची बारीक अक्षरं वाचली.

वीस ऑगस्ट: प्रदोष.

त्यांनी पान उलटलं. सहा ऑगस्ट: प्रदोष. बावीस जुलै: प्रदोष.

त्यांचा स्वतःचा सोमवार आणि चतुर्थी. प्रदोष त्यांनी कधी धरला नव्हता, म्हणून ध्यानात आलं नाही. प्रदोषाला दिवसभर उपास करतात, संध्याकाळी महादेवाची पूजा करून सोडतात. आणि काही बाया, मोठं काही मागायचं असलं की, पूजा होईपर्यंत मौन धरतात. कुणाला न सांगता.

बासष्ट वर्षांची, गावभर बोलणारी, तिन्हीदा गप्प बसलेली बायनाबाई.

पण बायनाबाईला तर आकडेही वाचता येत नव्हते.

६

बायनाबाई शेंगा फोडत होती, आणि आज तिची जीभ जागेवर होती.

“ये नर्मदे! सोमवारवाली आली! बैस. तुज्या त्या तपासानं गावात चहा महाग झाला बघ, जो तो मला इचारतो काय झालं, काय झालं. मला काय ठावं? मी काय फौजदार हाव? ह्या शेंगा खा. तुला चालत्यात न्हवं आज?”

“चालतात.” नर्मदाबाईंनी दोन दाणे घेतले. “हरिओम कसा आहे?”

हरिओम तिचा एकुलता लेक. पुण्याकडच्या कारखान्यात.

“बरा हाय. रोज फोन करतो, साडेचाराला. पाचाला पाळी लागती, मंग फोन गेटवर ठिवून घेत्यात, ते रातीच्या एकालाच देत्यात. माजं लेकरू लय भितं माज्यासाठी. मागं पूर आला तवा दोन दिस मी पत्र्यावर बसून व्हते. ह्याला तिसऱ्या दिशी कळलं. तवापसून वरच्या धरणाचं नाव टीव्हीत आलं की ह्याचा जीव ऱ्हात न्हाई.”

“आणि प्रदोषाला?”

शेंग फोडणारे हात थांबले. बायनाबाईने मान खाली घातली.

“तू काय धरलंयस ते मी विचारणार नाही,” नर्मदाबाई हळूच म्हणाल्या. “सांगू पण नको. फळ जातं. पण तुझा फोन मला बघू दे.”

साध्या बटणांचा फोन. नर्मदाबाईंनी चुकलेले फोन उघडले. वीस ऑगस्ट, चार एकतीस, हरिओम. चार बत्तीस, हरिओम. चार पस्तीस, हरिओम. असे अकरा. सहा ऑगस्टला नऊ. त्याआधीचे मिटले होते, पण बघायची गरज नव्हती.

“त्याच्याचसाठी धरलंय गं,” बायनाबाई एवढंच म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला होता. “अन् म्या फोन उचलला असता तं बोलावं लागलं असतं.”

नर्मदाबाईंनी अंगणात जाऊन हरिओमला फोन लावला.

“मावशी? आईला काय झालं?”

“काही नाही रे. शेंगा फोडतेय आणि मला टोमणे मारतेय. बाळा, वीस तारखेला तिने फोन उचलला नाही. मग तू काय केलंस?”

“काय करणार? शेजारी लावला, ते सगळे रानात, रेंज न्हाई. भाऊसाहेबाला लावला, बिझी. पाळीला पंधरा मिनिटं ऱ्हायलेली. मंग त्या ग्रुपवरच्या फोटोत नंबर हाय न्हवं, पूर इशारा केंद्राचा, त्याला लावला. म्हणलं, इचारावं तरी, पाणी आलंय का म्हणून. पर तिथं कोण उचलतंय? टूं करून कट व्हतो. आजवर तीन दिस असा लावला, तिन्ही दिस तसंच. सरकारी कारभार! पर मावशी, माझा अंदाज बरूबर व्हता बघा. सकाळी आई म्हणली, काल भोंगा झाला. म्हणजे मला जे वाटतं ते खरं असतं.”

नर्मदाबाईंना हसावं की रडावं कळेना. पूर आला का, असं विचारणाऱ्या लेकाच्या फोननेच गावात पूर आल्याची दवंडी पिटली होती.

“हरिओम, जिथे उभा आहेस तिथे बस,” त्या म्हणाल्या. “मी काय सांगते ते नीट ऐक.”

ऐकून झाल्यावर तो रडवेल्या आवाजात म्हणाला, “मंजुषाताईला माझं नाव सांगू द्या साहेबाला. माझ्यापायी ती नको मरायला. केस झाली तं झाली.”

७

सोमवारी सकाळी नर्मदाबाई घरोघर गेल्या. “आज अकराला भोंगा वाजला तर तो चाचणीचा समजा, जागचे हलू नका.” महारुद्राच्या बैलाच्या कानात तर त्यांनी स्वतः कापूस घातला.

अकराला साहेब आले. मंजुषा किल्ली हातात घेऊन उभी होती. ती रात्रभर झोपली नव्हती. नाव सांगितलं तर हरिओम अडकणार, न सांगितलं तर ती. आणि नर्मदाबाई खोटं बोलणार नाहीत, हेही तिला ठाऊक होतं.

“सापडला माणूस?” साहेबांनी विचारलं.

“सापडला,” नर्मदाबाई म्हणाल्या. “नाव हवं असेल तर मी सांगेन, लपवणार नाही. माझी एकच विनंती. त्याने जे केलं ते तुम्ही आधी एकदा करून बघा. समजा, तुमची आई नदीकाठी एकटी राहते आणि फोन उचलत नाही. तुम्ही या भिंतीपुढे उभे आहात. काय कराल?”

साहेबांनी भिंतीवरची यादी वाचली. “करायचं काय, पूर इशारा केंद्राला विचारीन.”

“विचारा ना.”

साहेबांनी फोन काढला, आकडे लावले, कानाला धरला. खोलीत घंटी वाजू लागली. भाऊसाहेबांनी डोळे मिटून घेतले. पाचवी घंटी झाली.

“हॅलो? पूर इशारा केंद्र? मी…”

टाकीवरचा भोंगा असा कडाडला, की साहेबांच्या हातून फोन पडला. “सावधान! गोदावरीला पूर येत आहे…” लांबून महारुद्राचा आवाज आला, “आता कोन वाजीवला रं?” आणि गल्लीतून कुणीतरी ओरडलं, “साहेबानं!”

भोंगा थांबेपर्यंत साहेब भिंतीकडेच बघत उभे होते. मग त्यांनी पुस्तिका मागितली, चौथं पान वाचलं, कानामागे खाजवलं.

“हे संकेतांकाचं… बसवताना आमच्याकडून मी स्वतः सही केली होती,” ते हळूच म्हणाले. “न बघता.”

“आणि भिंत मी रंगवली,” भाऊसाहेब म्हणाले. “नियमाने.”

“नाव सांगू का, साहेब?” नर्मदाबाईंनी विचारलं.

“राहू द्या ते नाव.” त्यांनी मंजुषाकडे पाहिलं. ती किल्ली पुढे करून उभी होती. “ती ठेवा, बाई. आणि खुर्ची घ्या, संकेतांक घालायचाय. आकडे तुम्ही ठरवा. मलासुद्धा दाखवू नका, बंद पाकिटात द्या.”

दुपारपर्यंत पेटीत तीन नंबर बसले. चौथ्या कुणाचा फोन ती घेईना. भाऊसाहेबांनी स्वतः चुन्याची बादली आणून लाल ओळ पुसली आणि तिथे मंजुषाचा नंबर लिहिला. मंजुषाने गावातल्या एकेका घरी जाऊन काय झालं होतं ते सांगितलं. नाव तेवढं कुणाचं घेतलं नाही.

पाच सप्टेंबरला पुन्हा प्रदोष आला. नर्मदाबाई साडेचारला ग्रामपंचायतीत येऊन बसल्या. मंजुषाचा डबा टेबलावर तसाच. दोघी बंद खोलीकडे कान लावून होत्या. आत शांत.

पावणेपाचला मंजुषाचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

“ताई, हरिओम बोलतोय, दोस्ताच्या फोनवरून. नर्मदामावशी हायत का तिथं? मावशी, तुमी आईला सांगितलं व्हतं न्हवं, मौनाच्या दिवशी फोन उचल, बोलू नको, नुसती देवाजवळची घंटी वाजीव, म्हणजे मला कळंल?”

“मग? उचलला नाही का?”

“उचलला! पयल्याच रिंगला. पर आता पंधरा मिनिटं झाली, ती वाजवायलीच हाय. मी म्हणलं, आई, कळलं, ठिव आता. तं आणखीन जोरात. मी जेवलो म्हणलं, तं तीनदा. पगार वाढला म्हणलं, तं थांबायचं नावच न्हाई. आईचा फोन मी कट कसा करू? माझी पाळी लागायलीय, गेटवाला फोन मागायलाय, सगळी रांग हासायलीय. मावशी, कुणाला तरी घराकडं धाडा न् तिला म्हणा, लेकाला कामावर जाऊ दे.”

मंजुषा महिन्यात पहिल्यांदा हसली. हसता हसता तिने डबा उघडला, पहिला घास नर्मदाबाईंपुढे केला, दुसरा आपल्या तोंडात कोंबला आणि तशीच बायनाबाईच्या घराकडे पळाली.